आठवी खुर्ची

रविवार, २ फेब्रुवारी

दातवाला आज पुन्हा आला. सातवी खुर्ची घेऊन.

दार मीच उघडलं. खुर्ची त्याने पोटाशी धरली होती, परक्या घरी झोपलेलं मूल नेताना धरतात तशी. जिना चढून धाप लागली होती, पण खाली ठेवायला तयार नाही. म्हणाला, "पेशंट घाबरतात हो. नंबर येईपर्यंत बसल्या बसल्या वेत उकलत राहतात."

"मग लाकडी बाकावर बसवा त्यांना."

"बसवून पाहिलं. मग ते स्वतःची नखं खातात."

आतून धाकटी बहीण हसली. एवढं काही विनोदी नव्हतं.

हे सगळं लिहायला लागले आहे, कारण जिच्याशी मी सगळं बोलते तिच्याबद्दलच बोलायचं आहे. दुसरं कोणी मला नाही. मी शर्टांच्या कारखान्यात तपासनीस आहे. तयार शर्ट उलटा करायचा, शिवण बघायची, दोष सापडला की बाजूला टाकायचा. दोष शोधायचा मला पगार मिळतो, आणि सुट्टीच्या दिवशी डोळे कारखान्यात ठेवून येता येत नाहीत.

धाकटी बालवाडीत शिकवते. सहा वर्षांपूर्वी ती एक पिशवी घेऊन नवऱ्याच्या घरून निघून आली, तेव्हा महिनाभर नुसती बसून असायची. कोणीतरी जिन्यात टाकून दिलेली एक फाटकी वेताची खुर्ची होती. ती मी वर आणली आणि म्हटलं, हिची बैठक उसवू, कशी विणली आहे ते बघत बघत. उसवता उसवता शिकलो. तेव्हापासून रविवार हा खुर्चीचा. पैसे घेत नाही. छंद म्हणून करतो. मी स्टुलावर वर बसते आणि भिजवलेल्या वेताची पट्टी भोकातून खाली सोडते. धाकटी खुर्चीखाली चटईवर असते, पट्टी ओढून घेते, शेजारच्या भोकातून वर देते. वरचा हात माझा, खालचा तिचा.

या दातवाल्याचा दवाखाना गल्लीच्या टोकाला आहे. बाहेर बसायला त्याच्याकडे आठ जुन्या वेताच्या खुर्च्या आहेत. एकेक करून आणतो. आठही एकदम का आणत नाही? हातगाडी मिळते की.

धाकटी एकदा फसली आहे. दुसऱ्यांदा माझ्या डोळ्यांदेखत फसू द्यायची नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

धाकटी उशिरा आली. अंगाला लवंगेच्या तेलाचा वास.

"दाढ दुखत होती, दाखवून आले," म्हणाली.

"कुठली?"

तिने डाव्या गालाला बोट लावलं. जेवताना मी बारीक लक्ष ठेवलं. डाव्या बाजूनेच चावत होती, तेही मजेत.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज एक नवीनच. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आल्या, आणि त्याही चटई घेऊन.

"यांना शिकायचंय," धाकटी म्हणाली.

"काय?"

"खालचा हात."

नर्सबाईंना बोलायला लागतं. वॉर्डात कोणाच्या सलाइनचं काय झालं, कोणत्या डॉक्टरांचं अक्षर कसं, सगळं खुर्चीखालून चालू. मध्येच गुणगुणतात, तेही एकच ओळ. पट्टी वर यायला हवी तर शेजारचं भोक सोडून तिसऱ्याच भोकातून येत होती. मी तीनदा उसवलं. धाकटी मात्र त्यांच्या शेजारी आडवी पडून समजावत होती: "ताई जोरात ओढते. तुम्ही लगेच सोडू नका. थोडं धरून ठेवायचं, मग तिला कळतं की खाली कोणी आहे."

दोन माणसांच्या कामात तिसरं कशाला? आणि शिकायचंच तर वरचा हात का नाही? तो सोपा आहे.

कुठेतरी पाणी मुरतंय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन दातवाल्याकडे गेले. पेशंट म्हणून. शत्रूचं घर आतून बघितलेलं बरं.

बाहेर आपल्याच विणलेल्या सहा खुर्च्या. एकीवर एक आजोबा, एकीवर कॉलेजची मुलगी. दोघांचे हात मोबाइलवर. वेत उकलायला आजकाल फुरसत कोणाला आहे? म्हणजे ती थाप होती. भिंतीवर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, तोंडभर हसणारा, तोंडात एकही दात नाही. विचारलं तर म्हणाला, आई. दातवाल्याच्या आईला दात नाहीत. यावरून काय ते समजावं.

"कुठे दुखतंय?"

"सगळीकडेच थोडं थोडं."

त्याने दिवा तोंडावर ओढला आणि बराच वेळ पाहिलं. हात हलका आहे, हे मान्य करायला हवं. मग म्हणाला, "दात ठणठणीत आहेत. दाढा तेवढ्या झिजल्यात. तुम्ही झोपेत दात खाता."

तुम्हाला कोणी सांगितलं, असं मला विचारायचं होतं, पण त्याचा आरसा तोंडात असल्यामुळे नुसतं आं आं झालं.

"दाढाच सांगतात," तो म्हणाला.

दाढा कशाला सांगतील? धाकटीची खोली माझ्या शेजारी आहे. म्हणजे हे दोघं माझ्या झोपेबद्दल बोलतात. आणखी कशाकशाबद्दल बोलत असतील?

निघताना विचारलं, "आपली मंडळी?"

"मंडळी म्हणजे आईच," तो म्हणाला. "गावी असते." आणि कान लाल झाले. ज्याचं मन साफ त्याचे कान कशाला लाल होतील?

रविवार, १६ फेब्रुवारी

सातवी पूर्ण झाली. तिरक्या पट्ट्या आज इतक्या सुरेख बसल्या की मीही दोष काढला नाही. दातवाला न्यायला आला तेव्हा मी म्हटलं, "आता एकच राहिली. आठवी घेऊन या, म्हणजे सुटलो."

यावर हसायचं, निदान आभार मानायचे. त्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटी चाकू पुसत होती; वेत कापायचा आमचा छोटा, वाकड्या टोकाचा. पुसून झाला तरी पुसतच होती.

"घाई नाही," तो म्हणाला.

मला कोणी विचारलंच नाही घाई आहे का.

रविवार, २३ फेब्रुवारी

आठवी आली नाही. दुसरी परत आली. पहिल्या आठवड्यांत आम्हीच विणलेली, आता मधोमध फाटलेली.

"एवढ्यात?" मी म्हटलं.

"पेशंट," तो म्हणाला, आणि पुढे काही नाही. नेहमी निदान एखादं वाक्य जास्तीचं असतं.

आमची बैठक पंधरा वर्षं फाटायची नाही. मी खुर्ची खिडकीत नेली. झिजून तुटलेल्या वेताच्या टोकाला कुंचल्यासारखे तंतू निघतात. ही टोकं साफ होती. एका रेषेत. कापलेली.

धाकटीला दाखवणार तेवढ्यात ती म्हणाली, "चहा ठेवते," आणि आत गेली. चहा नुकताच झाला होता.

कापायला घेतलं तर डब्यात चाकू नाही. सगळं घर शोधलं. गेल्या रविवारी दातवाला या डब्याशेजारीच उभा होता. चोरायचंच होतं तर काही चांगलं चोरायचं. पण आता हत्यार आणि गुन्हा दोन्ही माझ्या लक्षात आले आहेत.

शिवणकामाच्या कात्रीने भागवलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. धाकटी भांडी घासताना नर्सबाईंची ती एक ओळ गुणगुणते. विचारलं तर म्हणते, कुठे गुणगुणते?

रविवार, ९ मार्च

आज पाचवी परत आली. तशीच. एका रेषेत.

मला आता त्याचा डाव कळला आहे. स्वतः खुर्च्या कापतो आणि त्या निमित्ताने आमच्या दारात येऊन उभा राहतो. निमित्त कोणासाठी, हे कळायला मी दुधखुळी नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं जग आंधळं झालं.

नर्सबाई आज पुन्हा खाली होत्या. खरं म्हणजे हात बरा बसला आहे त्यांचा. धाकटी तर हल्ली नुसती बाजूला बसून बघते. नर्सबाई खालून म्हणाल्या, "तुमचे दातांचे डॉक्टर चाललेत ना हो गावी? तिथले म्हातारे डॉक्टर थकले म्हणे. पंचक्रोशीत दुसरा दातवाला नाही. महिनाअखेरीपर्यंतच आहेत इथे."

पट्टी माझ्या हातातून सुटली.

"तुला माहीत होतं?" मी धाकटीला विचारलं.

"हो," ती म्हणाली. "जागेची मुदत एकदा वाढवून घेतली त्यांनी."

"का?"

"खुर्च्या व्हायच्यात म्हणून असेल."

म्हणजे इथे गोडगोड बोलायचं, मन गुंतवायचं आणि गाडीत बसून निघून जायचं. ती पुन्हा महिनाभर भिंतीकडे बघत बसणार आणि मी जिन्यात फाटक्या खुर्च्या शोधत फिरणार. एकदा झालं तेवढं पुरे.

बुधवार, १२ मार्च

कापलेल्या पट्ट्यांचे दोन तुकडे पाकिटात घालून कारखान्यातून थेट दवाखान्यात गेले. शेवटचा पेशंट बाहेर पडेपर्यंत थांबले. मग पाकीट त्याच्या टेबलावर उपडं केलं.

"हा वेत झिजलेला नाही. कापलेला आहे. दोन खुर्च्या, दोन्ही अशाच."

त्याने तुकडे दिव्याखाली धरले. दात बघतो तसेच बघितले, सावकाश. मला वाटलं आता पेशंटांवर ढकलेल.

"हो," तो म्हणाला.

"हो म्हणजे?"

"मीच कापल्या."

इतक्या सहज. आमच्याकडे दोष सापडला की कापणारा शिवणाऱ्याकडे बोट दाखवतो, शिवणारा इस्त्रीवाल्याकडे. कबूल कोणी करत नाही.

"कशाने?"

"चाकूने."

"कुठल्या चाकूने?"

यावर त्याला विचार करावा लागला. "घरातल्या," म्हणाला. चोरी लपवायची होती म्हणूनच विचार करावा लागला असणार. चाकूचं मी काही बोलले नाही. तो पत्ता हातात ठेवला.

बाकी मात्र सगळं बोलले. की तिने एकदा सोसलं आहे. की आमच्या दारात यायला ज्याला थाप मारावी लागते, तो पुढे काय काय थापा मारेल. की गावी जायचं तर गुपचूप जावं. तो ऐकत राहिला. दुसऱ्याला तोंड उघडायला लावणं हा ज्याचा धंदा, त्याचं स्वतःचं मिटलेलं.

शेवटी एवढंच म्हणाला, "त्यांना यावरून काही बोलू नका. माझी चूक आहे."

"ते मी बघेन," मी म्हटलं.

गुरुवार, १३ मार्च

धाकटीला सांगितलं. काल सांगायचं होतं, पण तिचं डोकं दुखत होतं.

ती वाटाणे सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असं म्हणाले? मीच कापल्या?"

"शब्दाला शब्द."

"तू ओरडलीस त्यांच्यावर?"

"थोडं."

"थोडं म्हणजे तुझं थोडं की लोकांचं थोडं?"

मी तिच्या पुढ्यातली एक शेंग सोलायला घेतली.

"आणि ते काही बोलले नाहीत?"

"काय बोलणार? पकडला गेला. म्हणाला, त्यांना काही बोलू नका, माझी चूक आहे."

धाकटीने ओंजळीत तोंड झाकलं आणि रडायला लागली. वाटाणे मांडीवरून घरभर झाले. मी तिची पाठ चोळत बसले. खरं लिहायचं तर आतून मला हलकं वाटलं. डोळे उघडले म्हणायचे, आणि वेळेवर. रडून मोकळी होईल. मग आम्ही दोघी पूर्वीसारख्या.

मधेच ती रडता रडता हसली. फसवणूक कळली की माणसाचं असंही होतं.

शुक्रवार, १४ मार्च

बोलत नाही. पण रागावलेलीही दिसत नाही. मला स्वतःहून जास्तीची पोळी वाढली. हे काय आहे, कळत नाही.

रविवार, १६ मार्च

आज दातवाला आला नाही. मी तरीही सवयीने वेत भिजवायची बादली काढली. धाकटी समोर येऊन बसली आणि तिने पर्समधून आमचा चाकू काढला. टोक वाकडं असलेला. माझ्यासमोर जमिनीवर ठेवला.

"तुझ्याकडे कसा?" मी म्हटलं.

तिने तो आणखी जरा माझ्याकडे सरकवला. मग मला कळलं. इतक्या हळूहळू कळलं की मला माझीच लाज वाटली. एवढी तपासनीस मी.

"तू कापल्यास."

"बुधवारी. बालवाडी सुटल्यावर. ते आत पेशंट बघत असायचे तेव्हा. आधी नखांनी प्रयत्न केला, ताई. सुटेना. आपण फार पक्कं विणतो."

मला हसू येणार होतं, पण आलं नाही.

मग तिने सांगितलं. त्याने तिला विचारलं त्याला बरेच दिवस झाले. गावी जायचं आहे, बरोबर याल का, असं. दाढ खरंच दुखत होती पहिल्या वेळी, पुढच्या वेळी नाही. ती म्हणाली, खुर्च्या होऊ देत, आठही झाल्या की सांगते. आणि सातवी झाली तशी ती घाबरली.

"कशाला? आवडतो ना तुला?"

"आवडतात."

"मग?"

"एकदा हो म्हणून बघितलंय ना मी." चाकूकडे बघत होती. "आणि तू."

"मी काय?"

"तुझं रविवारी काय होणार, हे मला ठरवता येईना. नर्सबाईंचा हात बसेपर्यंत वेळ हवा होता."

"त्याला माहीत होतं? की तू कापतेस?"

"पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. बाहेर आले, खुर्ची बघितली, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ही नेतो दुरुस्तीला. अजून सात आहेत, घाई नाही."

आणि बुधवारी माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, मीच कापल्या.

मी उठले, बादलीतलं पाणी मोरीत ओतलं. बराच वेळ ओतत राहिले.

मंगळवार, १८ मार्च

दोन दिवस मी फार वाईट वागते आहे. धाकटी काही विचारते, मी हो-नाही करते. म्हणजे मी अडसर. सहा वर्षं मला वाटत होतं की मी तिला सांभाळते आहे, आणि ती माझ्यासाठी माणूस नेमायच्या खटपटीत. मोलकरीण शोधावी तशी.

संध्याकाळी नर्सबाईंना जिन्यात गाठलं. रागाने म्हटलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं."

"सगळं नाही. अर्धंच," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात ड्युटीची पिशवी होती, चेहरा थकलेला. "तुमची बहीण म्हणाली, ताईला खालचा हात लागतो आणि ती स्वतः कधी मागणार नाही. तेव्हा तुम्हीच जा, असं."

"आणि तुम्ही दया म्हणून आलात."

"दया वॉर्डात संपते हो माझी. घरी येईपर्यंत उरत नाही." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तिथे खुर्चीखाली पडलं की कोणी मला हाक मारत नाही. कोणाला पाणी नको, कोणाला भांडं नको. म्हणून येते. आता नाही म्हणालात तर नाही येणार."

मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. वर आले.

बुधवार, १९ मार्च

दवाखान्याचं दार अर्धं उघडं होतं. आत खोकी बांधून ठेवलेली. तो उठून उभा राहिला, पुन्हा ओरडा खायच्या तयारीने.

"आठवी आणा," मी म्हटलं. "रविवारी. आणि विणलेली एकही आता परत आणू नका."

तो काही विचारणार होता. मी निघून आले. माफी मागायला हवी होती, ते गल्लीच्या टोकाला आठवलं. परत फिरणार होते, पण एका दिवसात माणसाने किती बदलायचं.

रविवार, २३ मार्च

आठवी खुर्ची सगळ्यांत वाईट निघाली. बैठक खरंच झिजलेली, लाकूड सैल. धाकटी नेहमीसारखी चटई घालायला वाकली.

"आज मी खाली," मी म्हटलं.

"तुझी पाठ?"

"पाठ माझी आहे. तू वर बस."

सहा वर्षांत मी खुर्चीखाली एकदाही गेले नव्हते. रोज शेकडो शर्ट उलटे करून बघते, पण आपली खुर्ची उलटी करून बघावी असं कधी मनात आलं नाही. खाली पडल्यावर काही म्हणता काही दिसत नाही. नुसती भोकं, आणि भोकांतून उजेड. आपण काय विणतोय, नक्षी कशी बसतेय, याचा पत्ता नाही. पट्टी येते, ओढायची, धरून ठेवायची, दुसऱ्या भोकातून वर द्यायची. वरच्याने घेतली की हाताला हिसका बसतो. तेवढंच.

धाकटी वरचा हात वाईट करते. हलकं ओढते. मी दोनदा म्हटलं, "जोर लाव," तेव्हा कुठे पट्टी ताणली गेली.

भोकांतून तिची हनुवटी दिसत होती, कधी एक डोळा. चेहरा पूर्ण दिसत नव्हता. माझाही तिला दिसत नसणार. म्हणून जमलं असेल.

"ताई," ती म्हणाली, "मी हो म्हटलं आणि पुन्हा तसंच झालं तर?"

"तर परत ये. खोली आहे तुझी."

"आणि तसं नाही झालं तर?"

वाईट होईल तेव्हाची तयारी माझी नेहमी असते. चांगलं झालं तर काय करायचं, हे मी कधी ठरवलेलंच नाही.

"तर मला सवय करून घ्यावी लागेल," मी म्हटलं.

वरून पट्टी आली. मी ओढून घेतली.

"रविवारी काय करशील?"

"झोपेन."

"खरं सांग."

"रडेन थोडी. मग नर्सबाईंना हाक मारेन. त्या बोलायला लागल्या की रडायला सवड मिळत नाही."

ती हसली. खुर्ची हलली, पट्टी जागेवर धरणारी एक खुंटी निघून माझ्या कपाळावर पडली. मी ती परत भोकात ठोकली.

"मी जाऊ, ताई?"

मला म्हणायचं होतं, मला काय विचारतेस. मला म्हणायचं होतं, तो घोरतो का विचारलंस, त्याची आई सून म्हणून कशी वागवेल, गावात डॉक्टर एकच म्हणजे रात्रीअपरात्री दार वाजणार. सगळं जिभेवर होतं. पाठ दुखत होती, जमीन गार लागत होती.

"जा," मी म्हटलं. मग आवाज बरोबर लागला नाही असं वाटलं म्हणून पुन्हा म्हटलं. "जा तू."

तिने पट्टी खाली सोडली. मी धरून ठेवली, थोडा वेळ. मग वर दिली.

शनिवार, २९ मार्च

उत्तर तिने गुरुवारीच दिलं. काय दिलं ते मी विचारलं नाही. त्या दिवसापासून ती नर्सबाईंची ओळ उघड उघड गुणगुणते आहे. तो महिनाअखेरीला जाणार. ती दोन महिन्यांनी, बालवाडीचं वर्ष संपल्यावर. कचेरीत जाऊन सह्या करणार, बाकी गाजावाजा नको, हे तिचंच म्हणणं.

आज तो आठवी खुर्ची न्यायला आला. धाकटी बाजारात गेली होती. मी त्याला बसा म्हटलं. तो बसला, पण आमच्या खुर्चीवर अर्धाच, निघायच्या तयारीत.

"त्या दिवशी मी जे बोलले," मी म्हटलं.

"बरोबर बोललात. थाप मारलीच होती."

"दुसऱ्याच्या वाट्याची."

त्यावर त्याचे कान लाल झाले. आता मला त्याचं काही वाटत नाही. थोडंसं वाटतं.

मग मी त्याला सांगून टाकलं. सकाळी तिच्याशी बोलायचं नाही, चहा होईपर्यंत तर नाहीच. गप्प झाली तर विचारत बसायचं नाही, हाताला काहीतरी काम द्यायचं. ती "चहा ठेवते" म्हणाली आणि चहा नुकताच झालेला असेल, तर काहीतरी लपवते आहे असं समजायचं. कापायच्या वस्तू उघड्या ठेवायच्या नाहीत. तो एकेक मुद्दा मान हलवून ऐकत होता, जणू मी औषध लिहून देते आहे.

"आणि माझं तुमच्यावर लक्ष राहील," मी म्हटलं. "गाव लांब आहे म्हणून सुटलात असं समजू नका."

"ठेवा ना लक्ष," तो म्हणाला. "दर महिन्याला या. आईला सांगून ठेवलंय, एक खोली तुमची म्हणून."

खुर्ची पोटाशी धरून तो जिना उतरला. मी कठड्यावरून वाकून बघत राहिले. शेवटच्या वळणावर त्याने ती भिंतीला लागू नये म्हणून स्वतःचा खांदा मध्ये घातला.

दर महिन्याला. शिवाय खोली. इतकं गोड कोणी उगाच बोलत नाही. यात काहीतरी आहे. पहिल्याच महिन्यात जाऊन बघायला हवं.